वडिलांच्या डोक्यातलं दुकान संगणकावर आणताना

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वडिलांचं पंचवीस वर्षांचं कृषी सेवा केंद्र आहे. पुण्यातली नोकरी सोडून तुम्ही आता दुकानात बसायला लागला आहात. एका विक्रेत्यानं बिलिंग, मोबाइल ॲप, वेबसाइट असं सगळं मिळून ८५ हजारांचं पॅकेज सांगितलंय. वडील म्हणतात, वही नीट चाललीय, संगणक मोठ्या व्यापाऱ्यांना लागतो. आणि तुम्हाला कळत नाहीये की आपल्याएवढ्या दुकानाला याचा खरंच फायदा आहे की नुसता खर्च.

मी एकवीस वर्षं बार्शी, लातूर, धाराशिव या पट्ट्यातल्या दुकानांचे हिशोब आणि कराची कामं बघतो. कृषी केंद्रं त्यात भरपूर आहेत. सरळ उत्तर देतो: फायदा होतो आणि तुमच्या धंद्यात तर जास्तच होतो. पण विक्रेता जिथे दाखवतोय तिथे तो नाही. आणि किती होईल, हे तीन गोष्टींवर ठरतं: उधारी किती टक्के, औषधांचा माल किती रुपयांचा पडून असतो, आणि नोंद त्याच क्षणी करणारा माणूस काउंटरवर आहे की नाही. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी नेहमीचं दुकान डोळ्यासमोर धरून लिहितो.

आधी वडिलांच्या बाजूनं एक गोष्ट. तुमचं दुकान आजच अर्धंअधिक डिजिटल आहे. २०१८ पासून अनुदानाचं खत पॉस मशीनवर (विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर), शेतकऱ्याची आधारसारख्या ओळखपत्रावरून ओळख पटवूनच विकावं लागतं. त्या मशीनवर विक्री दिसली तरच कंपनीला अनुदान मिळतं. जीएसटी १ जुलै २०१७ पासून ऑनलाइनच भरतो. काउंटरवर क्यूआर कोड असणारच. बियाणं कुठून आलं याचा माग ठेवणारं केंद्राचं साथी पोर्टल २०२३ साली आलंय. म्हणजे पंचवीस वर्षं वहीवर दुकान चालवलेल्या माणसानं गेल्या सात-आठ वर्षांत एवढं सगळं अंगवळणी पाडलंय. ‘बाबांना संगणक जमणार नाही’ हे वाक्य घरात कुणी म्हणत असेल तर आधी ते बंद करा.

अडचण वेगळीच आहे. शेतकरी दहा पोती युरिया, दोन बाटल्या तणनाशक आणि एक बियाण्याची बॅग नेतो. खताची नोंद पॉसवर, औषधाची बिलबुकात, उधारी लाल वहीत, आणि दोन हजार फोनवर आले ते कदाचित तुमच्या बचत खात्यात. एकाच गिऱ्हाइकाची एकच खरेदी चार ठिकाणी लिहिली गेली आणि चारही एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना जोडणारा एकच धागा म्हणजे वडिलांची स्मरणशक्ती. ते दुकानात असतात तोवर सगळं बिनबोभाट चालतं. ते चार दिवस लग्नाला गेले की दुकान उघडं असूनही आंधळं असतं. तुम्हाला सॉफ्टवेअर घ्यायचंय ते यासाठी. वडिलांना जे ठाऊक आहे ते दुकानाला ठाऊक झालं पाहिजे.

आता सुरुवात कुठून करायची. बहुतेक जण बिलिंगपासून करतात, कारण छापील बिल चकाचक दिसतं. माझा आग्रह असतो औषधांच्या रॅकपासून करा.

खताचं पोतं सहसा वाया जात नाही. बियाणं हंगामात जातं किंवा परत जातं. पैसा कुजतो तो औषधांत. प्रत्येक बाटलीवर बॅच नंबर असतो, उत्पादनाची तारीख असते, मुदत संपण्याची तारीख असते. मुदत संपलेलं औषध विकता येत नाही, ते वेगळं काढून ठेवावं लागतं, आणि तपासणीत रॅकवर सापडलं तर परवान्यावर येतं. डिस्ट्रिब्युटर माल परत घेतो तोही मुदत संपायच्या काही महिने आधी, त्याच्या अटींवर. तारीख उलटली की ती बाटली तुमची.

बार्शीजवळच्या एका दुकानात आम्ही पहिल्यांदा सगळा रॅक उतरवला तो दिवस अजून आठवतो. पुढच्या रांगेत नवा माल, कारण पोरगा खोकं फोडून बाटल्या पुढेच लावायचा. मागे हात घातला की धुळीनं माखलेल्या, लेबलं फिकी पडलेल्या बाटल्या. मालक प्रत्येक बाटली पंच्यानं पुसत तारीख मोठ्यानं वाचत होते आणि मी लिहून घेत होतो. अर्ध्या तासानं त्यांनी वाचणं थांबवलं, नुसत्याच बाटल्या एका खोक्यात टाकायला लागले. खोकं भरलं, दुसरं घेतलं. ते काही निष्काळजी गृहस्थ नव्हते. शंभर-सव्वाशे प्रकारची औषधं, प्रत्येकाची पाव लिटर, अर्धा लिटर, लिटर अशी मापं आणि प्रत्येक मापाच्या दोन-तीन बॅचेस, हे कुणाच्याच डोक्यात राहत नाही. संगणकाला ते राहतं. खरेदीचं बिल चढवताना बॅच आणि मुदत टाकली की दर महिन्याच्या एक तारखेला ‘पुढच्या सहा महिन्यांत मुदत संपणारा माल’ ही यादी निघते. ज्याची मुदत आधी तो पुढच्या रांगेत, उरणार असं दिसलं तर डिस्ट्रिब्युटरला वेळेत फोन. त्या दुकानात आजही ती यादी छापून काउंटरच्या काचेखाली ठेवतात.

एक खुलासा: बाटलीवरच्या साध्या बारकोडमध्ये सहसा बॅच नसते, त्यातून फक्त माल ओळखू येतो. त्यामुळे ‘स्कॅनर घेतला की झालं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बॅच खरेदीच्या वेळी हातानं टाकावी लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, आणि सगळा फायदा त्याच कंटाळवाण्या कामात आहे.

दुसरा टप्पा उधारीचा. इथे सावकाश जा, कारण इथे वडिलांचा जीव गुंतलेला आहे.

आपल्याकडे उधारी म्हणजे नुसती बाकी नसते. जूनमध्ये नेलेल्या मालाचे पैसे सोयाबीन आडतीवर गेल्यावर येतात, उसावाल्यांचे कारखान्याचं बिल जमा झाल्यावर. मध्ये पाच-सहा महिने जातात. आणि दिवाळीच्या तोंडावर वही उघडली की संवाद ठरलेला: ‘काका, हा डबा मी नेलाच नाही, धाकट्यानं नेला असेल.’ धाकटा म्हणतो, ‘मी दादाच्याच नावावर लिहायला सांगितलं होतं.’ दोघंही खोटं बोलत नसतात. आठवण पुसट झालेली असते. वडील मग दोनशे-तीनशे सोडून देतात, संबंध टिकावा म्हणून. अशा प्रत्येक सोडून दिलेल्या रकमेचा हिशोब कुठेच लागत नाही.

यावर मी पाहिलेला सगळ्यात गुणकारी उपाय फारच साधा आहे. माल उधार गेला की त्याच मिनिटाला गिऱ्हाइकाच्या फोनवर मेसेज: ‘आजची खरेदी २,१४० रुपये, मागील बाकी ११,६००, एकूण बाकी १३,७४०.’ बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअर हे करतात. शेतकरी गाडीला किक मारायच्या आत चूक सांगतो, कारण माल त्याच्या हातात असतो. तंटा जूनमध्येच मिटतो, दिवाळीपर्यंत जात नाही. मेसेज ज्याच्या नावावर उधारी त्याला जातो, त्यामुळे भावानं नेलेला मालही त्याच दिवशी कळतो. सुरुवातीला वडिलांना भीती वाटेल की लोकांना हे तगाद्यासारखं वाटेल. म्हणून पहिल्या महिन्यात प्रत्येकाला तोंडी सांगा की हा हिशोब तुमच्या माहितीसाठी आहे. माझा अनुभव असा की शेतकऱ्यांना ते आवडतं. त्यांच्याकडे दुकानदाराच्या वहीशिवाय दुसरा पुरावा नव्हता, तो आता त्यांच्या खिशात असतो.

जुनी बाकी चढवताना एक खड्डा आहे. वहीत पानाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं ‘ज्ञानोबा’, ‘बापू मळेवाले’, ‘पाटलाचा मधला’. वडिलांना माणूस दिसतो, संगणकाला नुसतं नाव. एकेका गावात चार ज्ञानोबा असतात. म्हणून नाव, वडिलांचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर या चार गोष्टी भरल्याशिवाय खातं उघडू नका. हे काम वडिलांशेजारी बसूनच होतं. रोज संध्याकाळी वीस पानं घ्या. ते प्रत्येक पानावर काहीतरी सांगतील: याची विहीर आटली म्हणून दोन वर्षं थांबलोय, हा पोरीच्या लग्नानंतर देणार आहे, याला मात्र आता देऊ नको. ते ऐका. खात्यात शेऱ्याची जागा असते, तिथे लिहून ठेवा. पंचवीस वर्षांची पत पारखण्याची विद्या आहे ती, कुठल्याही पॅकेजमध्ये मिळत नाही.

हे झालं की एक यादी काढा: सहा महिन्यांपर्यंतची बाकी, वर्षापर्यंतची, तीन वर्षांपर्यंतची आणि त्यापुढची. मालाच्या पैशाच्या दाव्याला कायद्यानं साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत बाकी लेखी कबूल करून सही केली तर मुदत नव्यानं मोजली जाते. कोर्टात जा असं मी म्हणत नाही, गावात कुणी जातही नाही. पण अडीच वर्षं झालेल्या खात्यावर सही घेऊन ठेवावी, एवढं तरी वेळेत कळतं. कुणाकडे मागायचं आणि कुणासाठी थांबायचं हा निर्णय वडिलांचाच राहू द्या. संगणकानं फक्त आकडा समोर ठेवायचा.

कराचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुमचे सल्लागार बघत असतील. तुमच्या दुकानात पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी शून्य, खतावर ५ टक्के, रासायनिक औषधांवर १८ टक्के. हाती लिहिलेल्या बिलबुकातून हे महिनाअखेरीस वेगळं करताना चुका होतातच. पण मोठा पैसा खरेदीच्या बाजूला अडकतो. १ जानेवारी २०२२ पासून डिस्ट्रिब्युटरनं त्याच्या विवरणात तुमचं बिल दाखवलं असेल तरच तुम्हाला त्या कराची वजावट मिळते. ३ लाखांच्या औषधांवर ५४ हजार कर होतो. त्यानं बिल दाखवायचं राहिलं तर ते ५४ हजार तुम्ही खिशातून भरता. खरेदी संगणकावर असेल तर दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या २बी यादीशी (पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी) ती ताडून बघता येते आणि डिस्ट्रिब्युटरला लगेच सांगता येतं. वहीवरून हे वर्षाअखेरी कळतं, तेव्हा तो फोन उचलत नाही.

आणि तुम्ही आयकर अनुमानित पद्धतीनं भरत असाल तर उलाढालीच्या ८ टक्के नफा धरतात, पण विवरणाच्या मुदतीपर्यंत बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेवर ६ टक्केच. १ कोटीची उलाढाल पूर्ण बँकेतून आली तर २ लाखांचं उत्पन्न कमी धरलं जातं. यासाठी क्यूआर कोड दुकानाच्या चालू खात्याचा हवा. तुमच्या किंवा भावाच्या बचत खात्याचा असेल तर आजच बदला. गर्दीच्या वेळी नुसता स्क्रीनशॉट बघून माल सोडू नका, पैसे आल्याचा आवाज देणारा डबा काउंटरवर ठेवा.

वडिलांचं ‘हे मोठ्यांसाठी आहे’ हे म्हणणं मी खोडून काढत नाही, कारण प्रत्येक आकाराच्या धंद्याची गरज खरोखर वेगळी असते. माझ्याकडे पापड-शेवयांचा गृहउद्योग चालवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांच्याकडून कुणीतरी उद्यम नोंदणीचे (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचे) पैसे घेतले होते, खरं तर ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यांना मी सॉफ्टवेअर घेऊच दिलं नाही. एक वेगळं बँक खातं, एक क्यूआर, आणि फोनवर ऑर्डरींची यादी, एवढ्यात त्यांना पहिल्यांदा कळलं की शेवयांत पैसे सुटतात आणि कुरडया जवळजवळ फुकट जातात. दुसऱ्या टोकाला सिमेंट-सळईचे एक व्यापारी. उलाढाल ५ कोटींच्या वर, म्हणून १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांच्या आणि ठेकेदारांच्या बिलांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं. राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वर माल गेला की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद. त्यांना संगणक कायद्यानं घ्यावा लागला, पण उपयोग झाला तीन गोदामांसाठी. एका गोदामात बारा एमएमची सळई पडून असताना दुसऱ्यासाठी नवी मागवणं थांबलं. तुम्ही या दोघांच्या मध्ये आहात. तुम्हाला लागतं ते बॅच, उधारी आणि जीएसटी, तिन्ही एकाच नोंदीतून होणारं एक बिलिंग सॉफ्टवेअर. त्यामुळे ८५ हजारांतून वेबसाइट आणि ॲप काढून टाकायला सांगा. तुमचा शेतकरी दुकानात येऊन वडिलांना पानावरची कीड दाखवून औषध नेतो. तो वेबसाइटवरून मागवणार नाही.

विक्रेत्याला पैसे देण्याआधी त्याच्याकडून तीन गोष्टी तुमच्या दुकानात, तुमच्याच मालावर करून घ्या. एकाच औषधाच्या दोन बॅचेस चढवून त्यातली एक विकून दाखव. चूक झालेलं बिल दुरुस्त करून दाखव. आणि सगळी खाती एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखव. तिसऱ्या गोष्टीला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नका. उद्या सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर तुमची उधारी त्याच्याकडे गहाण राहील. पॉस मशीन शासनाचं, त्याची नोंद वेगळीच करावी लागणार, ती या सॉफ्टवेअरला जोडून देतो असं कुणी म्हणालं तर आधी चालताना बघा. तोवर रोज संध्याकाळी मशीनवरचा शिल्लक साठा आणि गोदामातली पोती मोजून जुळवायची सवय ठेवा. तपासणीला आलेले अधिकारी पहिल्यांदा तेच बघतात.

आता वेळेचं. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका दुकानात मी १ जूनला संगणक सुरू करून दिला. आठवड्याभरात मृग लागला, पाऊस झाला, आणि काउंटरवर तीन पदरी गर्दी. पोराला नाव शोधायला वेळ लागे, मागून लोक ओरडत. तिसऱ्या दिवशी त्यानं कच्च्या वहीत लिहायला घेतलं, ‘रात्री चढवतो’ म्हणून. रात्री दुकान बंद करायलाच अकरा वाजायचे. जुलैअखेर संगणकातला साठा आणि रॅक यांचा काही संबंध उरला नव्हता, आणि मालकांचा संगणकावरचा विश्वास उडाला तो पुढे दोन वर्षं. दोष ना पोराचा होता ना मालकांचा. तारीख मी चुकीची निवडली होती.

तुम्ही फेब्रुवारीत विचारताय, ही फार चांगली वेळ आहे. मार्चअखेर साठा मोजावाच लागतो, तीच मोजणी बॅच आणि मुदतीसह करा. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष, नवी बिल क्रमांकांची मालिका, तेव्हापासून प्रत्येक खरेदी-विक्री संगणकावर. एप्रिल-मे गर्दी नसते, हात बसायला दोन महिने मिळतात. उधारीची वही या पूर्ण खरिपात चालू ठेवा, वहीत आणि संगणकात, दोन्हीकडे लिहा. दुप्पट काम आहे, पण दिवाळीत वडील स्वतः दोन्ही आकडे जुळवून बघतील तेव्हा त्यांना पटवायची गरज उरणार नाही. आणि एकच नियम कडक पाळा: माल काउंटरवरून हलायच्या आधी नोंद. ‘नंतर चढवू’ चालणार नाही.

बॅकअपचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. एका दुकानात वीज पडून संगणक जळाला. बॅकअप होता, पण त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर. रोज रात्री एक प्रत ऑनलाइन जाईल असं लावून घ्या, आठवड्याला एक पेन ड्राइव्हवर घरी न्या, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. यूपीएस घ्या, लोडशेडिंग आहेच.

पॅकेजचा निर्णय आठ-पंधरा दिवस पुढे ढकला. या रविवारी दुपारी शटर अर्धं ओढा, वडिलांना खुर्ची द्या, आणि औषधांच्या रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवरच्या मागच्या रांगेपासून सुरुवात करा. मुदत ऑगस्टच्या आत संपणाऱ्या बाटल्या एका खोक्यात, आधीच संपलेल्या दुसऱ्या खोक्यात. दोन्ही खोक्यांची खरेदी किंमत कागदावर मांडा आणि तो कागद वडिलांच्या हातात द्या. पहिल्या खोक्यातल्या मालासाठी सोमवारीच डिस्ट्रिब्युटरला फोन लावा. आकडा काय निघाला ते इथे लिहिलंत तर पुढे किती खर्च करणं परवडेल हे मी नेमकं सांगू शकेन.